फ्युएल इंजेक्शनमधील हवामापन

इंजेक्टरने (इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाने) किती इंधन सोडायचे, हे इंजिनात आलेल्या हवेवर ठरते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते; एका लिटर पेट्रोलमागे ती जवळपास नऊ हजार लिटर भरते. हे प्रमाण वजनाचे आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. हवा तापली किंवा गाडी घाट चढून वर गेली, की तेवढीच लिटर हवा वजनाला हलकी भरते.

जर्मन कंपनी बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली (१९६७, फोक्सवॅगन १६००) हवा थेट मोजत नसे. इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावरून ती हिशेब करी. ‘डी’ हे अक्षर ‘ड्रुक’, म्हणजे दाब, या जर्मन शब्दाचे. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा आजचा मॅप सेन्सर याच वाटेचा. दाब, हवेचे तापमान, इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो याचा ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) साठवलेला तक्ता, यांतून हवेचे वजन काढले जाते. सेन्सर स्वस्त, टिकाऊ, हवेच्या वाटेत न येणारा. मात्र कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) बदलला की तक्ता चुकू लागतो.

१९७० च्या दशकातल्या एल-जेट्रॉनिकमध्ये हवेच्या रेट्याने स्प्रिंगविरुद्ध उघडणारी झडप आली. ती आकारमान मोजते, वजन नाही. शिवाय हवेची वाट अडवते. मित्सुबिशीने अडथळ्यामागे उठणारे कारमान भोवरे मोजून पाहिले.

सर्वांत सुंदर युक्ती तप्त तारेची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एलएच-जेट्रॉनिकमध्ये प्लॅटिनमची केसासारखी तार हवेच्या वाटेत ताणलेली असे. तारेचे तापमान आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त राखायचे. हवा जितकी जास्त किंवा दाट, तितकी तार निवते आणि तितका वीजप्रवाह वाढवावा लागतो. हा प्रवाह म्हणजेच हवेच्या वजनाचे माप; उंचीची वेगळी दुरुस्ती नको. तारेवर धूळ बसली की माप चुकते, म्हणून इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर सुमारे १,०००° से. पर्यंत तापवून मळ जाळला जाई. पुढे तारेची जागा तप्त पापुद्र्याने घेतली. तेल लावलेल्या एअर फिल्टरमधून उडणारे तेल या सेन्सरवर बसून माप बिघडवू शकते.

दुरुस्ती करणाऱ्याने एक फरक पक्का लक्षात ठेवावा. थ्रॉटल (हवेची वाट कमी-जास्त उघडणारी झडप) आणि इंजिन यांच्यामधला होज फाटला, तर मॅफ सेन्सरला (तप्त तारेसारख्या, हवा थेट मोजणाऱ्या सेन्सरला) ती चोरवाटेची हवा दिसत नाही. मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) होते आणि गाडी उभी असताना इंजिन आयडलला थरथरते. मॅप प्रणालीत त्याच गळतीने मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू इंधनही वाढवतो आणि आरपीएम चढतात. एकच बिघाड, लक्षणे वेगळी.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर दुचाकींतही इंजेक्शन जवळपास सर्वत्र आले, पण तप्त तार तिथे सहसा दिसत नाही. एकाच सिलिंडरच्या इंजिनात हवा धक्क्याधक्क्याने येते, थोडी उलटही फिरते, आणि इनटेकची नळी आखूड असते. त्यामुळे बहुतेक मोटारसायकली थ्रॉटल कमी उघडा असताना मॅनिफोल्डच्या दाबावर आणि जास्त उघडल्यावर थ्रॉटलच्या कोनावर विसंबतात.