ऑनलाइन एम.ए., एम.कॉम., एमबीए: विद्यापीठ कसं निवडावं आणि अर्ज कुठे अडतो

ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज गुण कमी पडले म्हणून क्वचितच परत येतो. तो परत येतो नावातल्या तफावतीमुळे, एखाद्या जुन्या कागदामुळे किंवा मुदतीचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे. आणि काहींचा अर्ज अगदी सुरळीत मंजूर होतो, फी भरली जाते, वर्ष संपतं, आणि मग कळतं की त्या अभ्यासक्रमाला त्या सत्रासाठी मान्यताच नव्हती. म्हणून अर्जाआधी निवडीचं बोलू.

सगळ्यात आधी यादी

भारतात दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांचा कारभार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या २०२० च्या नियमांवर चालतो. यूजीसीचा दूरशिक्षण विभाग, ज्याला सगळे ‘डेब’ म्हणतात, प्रत्येक सत्रासाठी मान्य विद्यापीठांची आणि त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी आपल्या संकेतस्थळावर टाकतो. सत्रं दोन: जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी.

ही यादी वाचताना चार गोष्टी एकाच ओळीत जुळल्या पाहिजेत: विद्यापीठ, अभ्यासक्रम, पद्धत आणि सत्र. पद्धत म्हणजे ऑनलाइन की दूरस्थ. यातली एक जरी निसटली तरी बाकीच्या तीन कामाच्या नाहीत. ‘आमचं विद्यापीठ यूजीसीमान्य आहे’ हे विद्यापीठाच्या प्रवेश समुपदेशकाचं वाक्य खरं असूनही तुमच्या उपयोगाचं नसतं, कारण विद्यापीठ चालवायला असलेली मान्यता वेगळी आणि एम.कॉम. ऑनलाइन शिकवायला मिळालेली मान्यता वेगळी. दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन पद्धतींच्या याद्याही स्वतंत्र असतात. एखाद्या विद्यापीठाला एमबीए ऑनलाइन शिकवता येतं आणि तेच एमबीए दूरस्थ पद्धतीने शिकवता येत नाही, असं होऊ शकतं.

जाहिरातीतलं नाव आणि यादीतलं नाव शब्दाला शब्द लावून पाहा. जाहिरातीत भरजरी विषयाचं एमबीए असतं, यादीत नुसतं एमबीए. तेव्हा पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार हे विद्यापीठाच्या ईमेलवरून लेखी विचारा. फोनवरच्या उत्तराला किंमत देऊ नका. अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं एमबीए किंवा एमसीए (संगणकाची पदव्युत्तर पदवी) घेत असाल तर एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यताही पाहा. डेबच्या संकेतस्थळावर प्रवेश देण्यास मनाई असलेल्या संस्थांची यादीही असते. तीही उघडा, दोन मिनिटांचं काम आहे.

काही विषय या पद्धतीने मिळतच नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, नर्सिंग, वास्तुकला, विधी, कृषी हे त्यातले जुने. पीएच.डी. ऑनलाइन नाही, कुणी कितीही चकचकीत पत्रक दाखवलं तरी. आणि ज्याने सध्या सर्वाधिक लोक फसतात ते मानसशास्त्र: जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र, आहारशास्त्र यांचे ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेश यूजीसीने बंद केले आहेत. जुन्या जाहिराती आणि जुने व्हिडिओ मात्र अजून फिरत आहेत. समुपदेशक व्हायचं स्वप्न घेऊन एम.ए. मानसशास्त्र ऑनलाइन शोधणाऱ्यांनी नियमित महाविद्यालयाचाच विचार करावा.

दूरस्थ पद्धतीला हद्द असते. राज्य आणि खाजगी विद्यापीठांना आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही. परराज्यातल्या खाजगी विद्यापीठाचं ‘अधिकृत केंद्र’ तुमच्या तालुक्याच्या गावी एखाद्या क्लासच्या वरच्या मजल्यावर असेल, तर तिथून पाय काढता घ्या. ऑनलाइन पद्धतीला हद्द नाही, पण तिथे अभ्यासकेंद्रच नसतं. फ्रँचायझी दोन्हीकडे निषिद्ध आहे. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात जावी आणि पावती विद्यापीठाच्या नावाची असावी. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज. प्रवेश रद्द केला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत, म्हणून सही करण्याआधी करारनामा वाचा.

पदवीवर ‘ऑनलाइन’ असा उल्लेख येणार नाही, असं आश्वासन कुणी देत असेल तर तो खोटं बोलतो आहे. पद्धत, प्रवेशाची तारीख आणि पूर्ण केल्याची तारीख कागदपत्रांवर नमूद करणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. त्याची लाज बाळगायचं कारण नाही. मान्य संस्थेची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. मराठी माध्यमातून शिकायचं असेल तर ऑनलाइनचा हट्ट सोडून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे आधी पाहा. बहुतेक खाजगी ऑनलाइन विद्यापीठांत वाचायचं आणि लिहायचं इंग्रजीतच.

पात्रता

एम.ए. आणि एम.कॉम.ला सहसा पदवी पुरते. एमबीएला बऱ्याच ठिकाणी ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५. हे टक्के वाढवून पूर्णांकात धरले जात नाहीत: ४९.६ म्हणजे ५० नव्हे. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी फक्त सीजीपीए, म्हणजे श्रेणी-गुणांची सरासरी असेल तर तुमच्याच विद्यापीठाच्या सूत्राने टक्केवारी काढावी लागते. ते सूत्र बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं, त्यामुळे मागची बाजूही स्कॅन करा. एमसीएला बारावीत किंवा पदवीत गणित हवं, ही अट अनेकांच्या लक्षात फी भरल्यावर येते.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत गेलेल्यांकडे पहिल्या दोन सेमिस्टरच्या गुणपत्रिका नसतातच. अर्जातला तो रकाना मात्र रिकामा सोडू देत नाही. तिथे डिप्लोमाच्या अंतिम वर्षाची गुणपत्रिका जोडा आणि सोबत एका ओळीचा खुलासा द्या, नाहीतर तपासणारा ‘कागदपत्र अपूर्ण’ म्हणून मोकळा होतो. बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या मार्गाने पदवी घेतलेल्यांनी अर्जाआधीच लेखी विचारून घ्यावं. १०+२+३ अशी अट लावणाऱ्या ठिकाणी त्यांना नंतर दार बंद होतं, आणि तोवर नोंदणी शुल्क गेलेलं असतं.

एबीसी, डेब-आयडी आणि नावाचा घोळ

२०२४ पासून परदेशी विद्यार्थी सोडून प्रत्येकाला डेब-आयडी लागतो. डेब-आयडी म्हणजे यूजीसीच्या डेब विभागाचा विद्यार्थी क्रमांक. त्याआधी एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक श्रेयांकांच्या बँकेतला (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) तुमचा क्रमांक, त्यालाच अपार क्रमांक म्हणतात. तो बारा अंकी असतो आणि डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून निघतो. पंधरा वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्यांनाही तो काढता येतो. ‘आमच्या वेळी हे नव्हतं’ म्हणून थांबू नका. एबीसी हाती आला की डेबच्या पोर्टलवर तो टाकून डेब-आयडी तयार होतो आणि तो विद्यापीठाच्या अर्जात भरायचा असतो. दोन्ही मोफत आहेत.

अडतं ते आधारपाशी. डिजिलॉकरला ओटीपी लागतो आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक कधीचाच बंद पडलेला असतो. तो घरबसल्या बदलायचा भरवसा धरू नका. आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या आणि त्याला लागणारे दिवस हिशेबात धरा. एजंटाने ‘सोयीसाठी’ स्वतःचा मोबाइल किंवा ईमेल टाकला तर पुढची दोन वर्षं तुमचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाईल. हे कुणालाही करू देऊ नका.

दुसरी गाठ नावाची. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर सहसा आडनाव शेवटी. नुसत्या क्रमाच्या फरकाला बहुतेक विद्यापीठं हरकत घेत नाहीत. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, किंवा स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र मागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचा खरा छळ इथे होतो: गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, आधार सासरच्या नावाचं. काही विद्यापीठांना विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालतं, काहींना शासन राजपत्रातली नावबदलाची नोंदच हवी असते. राजपत्राला वेळ लागतो, त्यामुळे हा अर्ज सत्र सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी करावा. पदवी कुठल्या नावाने छापली जाणार हेही त्याच वेळी ठरवा. नंतर ते बदलणं म्हणजे नवं दुष्टचक्र.

बाकी कागदपत्रं

दहावी, बारावी, पदवीच्या सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका, फोटो, सही, लागू असल्यास जातीचे दाखले. पदवी प्रमाणपत्र पदवीदान समारंभानंतर मिळतं, तोवर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र पुरतं. निकाल लागायचा असेल तर हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देतात, पण हमीपत्रातल्या तारखेपर्यंत गुणपत्रिका दिली नाही तर तो प्रवेश रद्द होतो आणि आठवण करून द्यायला कुणी फोन करेलच असं नाही.

नेहमी अडकणारा कागद म्हणजे मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी जुन्या विद्यापीठाने द्यायचं स्थलांतर प्रमाणपत्र. पदवी एका विद्यापीठाची आणि प्रवेश दुसऱ्या, तर तो लागतोच. प्रवेशाच्या वेळी ‘नंतर द्या’ म्हणतात आणि परीक्षेच्या अर्जावेळी किंवा निकालावेळी अडवतात. मायग्रेशनसाठी जुनं विद्यापीठ सहसा आधी महाविद्यालय सोडल्याचा दाखला मागतं, आणि तो शोधायला महाविद्यालयाचे हेलपाटे घालावे लागतात. मधे कुठे एम.ए.चं एखादं वर्ष करून सोडलं असेल तर मायग्रेशन त्या शेवटच्या विद्यापीठाचं लागेल, पदवीच्या नव्हे. प्रवेश मिळाल्या दिवशीच त्याचा अर्ज टाका.

मुदत म्हणजे नक्की काय

यूजीसी सत्राची अंतिम तारीख ठरवते आणि बरेचदा वाढवतेही. या वाढीवर विसंबू नका. त्या तारखेपर्यंत फॉर्म भरून चालत नाही, प्रवेश पूर्ण व्हावा लागतो: डेब-आयडी जुळलेला, कागदपत्रं तपासलेली, फी जमा. शेवटच्या दिवशी रात्री फी भरली आणि सकाळी कागदपत्रात त्रुटी निघाली, तर पुढचं सत्र. विद्यापीठाने जाहिरातीत छापलेली ‘शेवटची संधी’ ही वेगळी तारीख असते. ती सवलतीची असू शकते. खरी तारीख यूजीसीच्या सूचनेत पाहा.

प्रवेश झाल्यावर विद्यापीठाच्या विद्यार्थी लॉगिनमध्ये अभ्यासक्रमाचं नाव, ‘ऑनलाइन’ ही पद्धत आणि सत्र बरोबर नोंदलंय का ते बघा आणि त्या सत्राच्या मान्यता यादीचं पान पीडीएफ करून ठेवा. चार वर्षांनी नोकरीच्या पडताळणीत कुणी मान्यतेचा पुरावा मागितला, की ती जुनी यादी संकेतस्थळावर शोधत बसावं लागत नाही.

परीक्षेचंही आत्ताच विचारा. अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त ३० टक्के, उरलेलं सत्रान्त परीक्षेतून. ती घरून कॅमेऱ्यासमोर द्यायची की केंद्रावर, केंद्र असेल तर जवळचं कुठलं, वीज किंवा नेट गेलं तर पेपर पुन्हा मिळतो का, आणि पुनर्परीक्षेची फी किती, हे चार प्रश्न फी भरण्याआधी ईमेलने पाठवा. ज्या विद्यापीठाकडून आठवडाभर उत्तर येत नाही, त्याचं नाव यादीतून खोडा.