आपल्या पश्चात गूगल खाते कोणाच्या हाती? नियोजनाची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

घरातील माणूस गेल्यानंतर पासबुक, विमा आणि सातबारा यांची शोधाशोध लगेच सुरू होते. परंतु पंधरा-वीस वर्षांचे फोटो, व्यवहारांचे ईमेल आणि आयकराची विवरणपत्रे ज्या गूगल खात्यात असतात, त्याचा पासवर्ड बहुतेक वेळा त्या माणसाबरोबरच जातो. तो पासवर्ड गूगल वारसांना देत नाही. त्यामुळे खातेदाराने स्वतःच्या हयातीत ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ही सोय सुरू करून ठेवणे हाच सर्वांत सरळ मार्ग आहे. 2013 पासून ती विनामूल्य उपलब्ध आहे.

ही सोय वैयक्तिक खात्यासाठी आहे. कार्यालयाने किंवा महाविद्यालयाने दिलेल्या ईमेलचा ताबा त्या संस्थेकडे असतो, म्हणून त्यात घरगुती कागद साठवले असतील तर ते आताच काढून घ्यावेत. या टप्प्यावर कोणताही दाखला जोडावा लागत नाही; खातेदाराचा चालू मोबाइल नंबर पुरेसा असतो.

खात्याच्या सेटिंगमधील ‘डेटा आणि गोपनीयता’ या विभागातून डिजिटल वारशाच्या नियोजनाकडे जाता येते. तेथे प्रथम 3, 6, 12 किंवा 18 महिन्यांची मुदत निवडावी. तेवढा काळ खाते वापरात नसेल, तरच पुढील कार्यवाही होते आणि मुदत संपण्याच्या एक महिना आधी खातेदाराला सूचनाही मिळते. त्यानंतर विश्वासातील जास्तीत जास्त 10 व्यक्तींची नोंद करून कोणाला काय मिळावे, म्हणजे फक्त फोटो की ईमेलसुद्धा, हे प्रत्येकासाठी वेगळे ठरवता येते. नोंद करताना त्या व्यक्तींना काहीही कळवले जात नाही. पुढे डेटा उतरवून घेताना त्यांच्या मोबाइलवर पडताळणीचा कोड येतो, म्हणून मुलाने किंवा सुनेने नंबर बदलला की येथील नोंदही बदलावी. खाते शेवटी पुसले जावे अशी इच्छा असल्यास तसेही नमूद करता येते. मग ते निष्क्रिय ठरल्यानंतर 3 महिन्यांनी पुसले जाते आणि तोपर्यंत नेमलेल्यांना आपला वाटा उतरवून घेता येतो.

येथे एक बाब बारकाईने समजून घ्यावी. अनेक घरांत गेलेल्या माणसाचा फोन आठवण म्हणून देवघराशेजारी ठेवतात आणि रोज चार्जिंगला लावतात. असा अँड्रॉइड फोन इंटरनेटला जोडलेला असेल, तर त्याचा गूगलशी आपोआप होणारा संपर्क हीसुद्धा खाते वापरात असल्याची खूण धरली जाते. परिणामी ठरवलेली मुदत पूर्ण होतच नाही. ज्यांना नेमले आहे, त्यांना हे आधीच सांगून ठेवणे मला फार गरजेचे वाटते.

अशी कोणतीही व्यवस्था केलेली नसल्यास कुटुंबीयांना गूगलच्या ऑनलाइन फॉर्मवर विनंती करावी लागते. अर्जदाराचे पूर्ण नाव, पत्ता, ईमेल, सरकारी ओळखपत्राची प्रत, मृताचा ईमेल पत्ता आणि मृत्यूचा दाखला एवढे द्यावे लागते. मात्र, खाते बंद करून मिळणे तुलनेने सोपे असले, तरी आतील मजकूर मिळेलच याची हमी नसते. 2 वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल पुसू शकते, म्हणून हा अर्ज लांबणीवर टाकू नये.

खात्याला जोडलेल्या पैशांचा आणि हक्कांचा प्रश्न मृत्युपत्रानेच सुटतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार 18 वर्षांवरील सुजाण व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी मात्र ऐच्छिक आहे. त्यात पासवर्ड लिहू नयेत, कारण तो कागद पुढे अनेकांच्या हातून जातो. खात्यांची यादी वेगळ्या बंद पाकिटात ठेवून मृत्युपत्रात तिचा फक्त उल्लेख करावा.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी ॲपलची ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ ही वेगळी सोय आहे. तिच्यात जास्तीत जास्त 5 व्यक्ती नेमता येतात. दावा करताना त्यांना मृत्यूच्या दाखल्याबरोबर नेमणुकीच्या वेळी तयार झालेली प्रवेश-किल्ली द्यावी लागते, म्हणून तिची छापील प्रत त्याच पाकिटात ठेवावी.