बाई सरपंच म्हणजे नुसती सही?

‘सही बाईंची, कारभार नवऱ्याचा’ हे वाक्य १९९३ साली पंचायतींत महिला आरक्षण देशभर आलं तेव्हापासून पारावर फिरतंय. सरपंचपती आहेतच, नाही कशाला म्हणा! (पुरुष सरपंचाचं सगळं भाऊ बघत असला, तर त्या भावाला मात्र आपण ‘कार्यकर्ता’ म्हणतो.) पण ‘बाईला जमतच नाही’ हे खोटं. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात बाई प्रधान (म्हणजे तिथल्या सरपंच) असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्याची कामं जास्त केली. तिथंच संशोधकांनी गावकऱ्यांना पुढाऱ्याचं एकच भाषण ऐकवलं. कुणाला पुरुषाच्या आवाजात, कुणाला बाईच्या. शब्द तेच. बाईचा कारभार कधी न पाहिलेल्या गावांतल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी लेखलं. आरक्षणामुळे तो पाहिलेल्या गावांत हा फरक जवळपास पुसला गेला होता.