मार्शाच्या दारात आलेला गायक

१० डिसेंबर १९७१ च्या शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘द ब्रेडी बंच’ या कौटुंबिक विनोदी मालिकेचा ‘गेटिंग डेव्ही जोन्स’ हा भाग लागला. शाळेच्या नाचाला ‘द मंकीज’ या बँडचा गायक डेव्ही जोन्स याला गायला आणते, असा शब्द ब्रेडींची थोरली मुलगी मार्शा देऊन बसते. आधार काय, तर फॅन क्लबची अध्यक्ष म्हणून त्याच्याकडून आलेलं एक पत्र! सगळीकडून हात हलवत परतल्यावर शेवटी तोच दारात उभा राहतो. मार्शा त्याच्या गालावर ओठ टेकवते, तेव्हाचा तिचा चेहरा मला आजही हलवून जातो.

त्याआधीही गाणारा तरुण मालिकेतल्या घरात आला होता, तो मात्र पाहुणा म्हणून नव्हे. ‘ओझी अँड हॅरिएट’ या मालिकेत नेल्सन कुटुंब स्वतःच्याच नावांनी काम करायचं. १० एप्रिल १९५७ च्या भागात त्यांच्या १६ वर्षांच्या रिकीने गायक फॅट्स डॉमिनोचं ‘आय अॅम वॉकिन’ गायलं. ज्या रॉक अँड रोलला आईबाप बिचकत होते, ते आता एका सालस घरातला मुलगा वडिलांच्या देखत गात होता. वडील ओझी मुळात बँडवालेच. त्यांनी पुढच्या भागांच्या शेवटी रिकीची गाणी घालायला सुरुवात केली. ऑगस्ट १९५८ मध्ये बिलबोर्ड मासिकाची लोकप्रिय गाण्यांची ‘हॉट १००’ यादी सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर रिकीचंच ‘पुअर लिटल फूल’ होतं.

मग उलटं झालं. १९६५ मध्ये चार मुलं निवडली आणि मालिकेसाठी बँडच उभा केला, तो ‘द मंकीज’. त्यातला मँचेस्टरचा डेव्ही ९ फेब्रुवारी १९६४ ला ‘ऑलिव्हर!’ या संगीत नाटकाच्या नटसंचाबरोबर एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात होता. त्याच रात्री तिथे बीटल्स गायले. मुलींचं ते वेडं होणं त्याने विंगेतून पाहिलं, आणि आपल्यालाही हेच हवं, असं त्याच्या मनाने घेतलं.

मार्शाच्या घरी तो आला तोवर ‘द मंकीज’ मालिका बंद होऊन तीन वर्षं झाली होती. नाचाच्या प्रसंगात त्याने गायलेलं ‘गर्ल’ हे चार्ल्स फॉक्स आणि नॉर्मन गिंबेल यांचं. मालिकेच्या पुनःप्रक्षेपणांनी ते घरोघरी पोचवलं. १९९५ च्या ब्रेडी चित्रपटात डेव्हीने शाळेच्या नाचात तेच गाणं पुन्हा गायलं; या वेळी वेड्या झाल्या त्या शिक्षिका.