चोबे नदीकाठची सफारी : बुकिंग करण्याआधी हे वाचा

आफ्रिकेची सफारी म्हटली की आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी मसाई मारा मनात धरूनच येतात. मारा उत्तमच आहे. पण ज्यांना हत्ती मनसोक्त बघायचेत, सोबत सत्तरीचे आईवडील आहेत आणि दिवसभर जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची नाहीत, त्यांना आम्ही बोट्स्वानाच्या चोबे राष्ट्रीय उद्यानाचं नाव सुचवतो. कारण एकच : इथली निम्मी सफारी होडीतून होते.

चोबे नदी अंगोलात क्वांडो नावाने उगम पावते, वाटेत लिन्यांती होते आणि कझुंगुलाजवळ झांबेझीला मिळते. तिथे बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या चार देशांच्या सीमा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. उद्यान सुमारे ११,७०० चौरस किलोमीटरचं आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने कसाने या छोट्या गावात मुक्काम करून नदीकाठचा भाग नीट पाहावा. विमानतळ, हॉटेलं, दुकानं सगळं तिथेच. संध्याकाळी रस्त्यावर रानडुकरं चरताना दिसतील. त्यांचे फोटो काढा, खायला मात्र घालू नका.

कोणत्या महिन्यात जायचं?

सगळी सहल या एका उत्तरावर ठरते. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. तेव्हा नदीपासून लांब, मोपानेच्या जंगलातल्या डबक्यांत पाणी असतं, हत्ती तिकडे पांगतात. मेपासून डबकी आटू लागतात आणि कळप नदीकडे सरकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात आत पाणी उरतच नाही, त्यामुळे दुपारनंतर काठावर कळपामागून कळप उतरतात.

आता आपल्या सुट्ट्यांचा हिशेब. मे महिन्यात अंगोलातून आलेलं पाणी नदीत असतं, गवत उंच असतं, हत्ती दिसतात पण गर्दी नसते. दिवाळीत हत्ती भरपूर, पण ऊन चाळिशीला टेकतं आणि तेवढ्यात पाऊसही सुरू होऊ शकतो. जुलै-ऑगस्ट तिथला कोरडा हिवाळा. दिवसा हवा छान असते, डास कमी असतात, प्राणी काठावर आलेले असतात. मुलांची शाळा बुडणार असेल तरी आमचं मत जुलै-ऑगस्टलाच.

आणखी एक पेच आहे. बहुतेकांना याच सहलीत व्हिक्टोरिया धबधबाही करायचा असतो; कसानेहून तो सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. धबधब्याला पूर एप्रिल-मेमध्ये असतो, तेव्हा तुषारांपुढे धबधबाच दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा पडतो. म्हणजे हत्तींचा मोसम ऐन भरात असतो तेव्हा धबधबा सर्वांत रोडावलेला. दिवाळीत जाणाऱ्यांना आम्ही झिंबाब्वेच्या बाजूलाच उतरवतो, तिकडे बारा महिने पाणी पडतं. जुलै-ऑगस्टात दोन्ही साधतं.

होडी

ताडोबा-पेंचच्या सवयीने गेलात तर पहिल्या दिवशी गोंधळाल. तिथे डोळे वाघाच्या शोधात असतात, बाकीची जनावरं वाटेत भेटतात. इथे सिंह-बिबटे आहेत, दिसतातही, पण त्यांच्यामागे धावाल तर चोबे हातचं जाईल. सकाळची फेरी जीपने करा. दुपारी तीनच्या सुमारास मात्र होडीतच बसा.

सेदुदू बेटाकडे जाणारे हत्ती नदी पोहून पार करतात. आधी कळपातली मोठी हत्तीण काठावर थांबते, सोंडेने वास घेते आणि पाण्यात उतरते. पाणी खोल झालं की पाठ दिसेनाशी होते, वर उरते फक्त सोंड. पिल्लांना मध्ये घेतलेलं असतं. एखादं मागे पडलं तर मागची हत्तीण त्याला डोक्याने रेटते. पलीकडे पोचल्यावर पहिला उद्योग चिखलात लोळण्याचा. हे सगळं होडीतून, डोळ्यांच्या पातळीवर दिसतं. (या गवताळ बेटावरून बोट्स्वाना आणि नामिबिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. १९९९ साली निकाल बोट्स्वानाच्या बाजूने लागला. हत्तींना काही फरक पडला नाही.)

होड्या दोन प्रकारच्या. मोठी दुमजली होडी स्वस्त, प्रसाधनगृहाची सोय असलेली, पण गजबजलेली. आठ-दहा जणांची लहान होडी काठाला चिकटून जाते, मगरीजवळ आवाज न करता थांबते. पाणघोडे असतील तिथून नावाडी लांबून वळवतो. त्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. पैसे कुठे वाचवायचे असतील तर हॉटेलच्या खोलीत वाचवा, लहान होडीत नको. गुडघेदुखी असणाऱ्यांना किंवा वारंवार प्रसाधनगृह लागणाऱ्यांना मात्र मोठीच बरी. संकोच न करता सांगा, त्याप्रमाणे व्यवस्था करतो.

पक्षीवेड्यांसाठी : मत्स्यगरुड, तिरंदाज, कमळपक्षी, पाणचिरा, आणि तिथल्या वसंतापासून (म्हणजे सप्टेंबरच्या सुमारापासून) किरमिजी वेडे राघू. हरणांत पुकू लक्ष ठेवून बघा. बोट्स्वानात ते इथेच दिसतं.

किती दिवस?

कसानेत तीन रात्री, त्याहून कमी नको. धबधब्याहून सकाळी येऊन संध्याकाळी परत, अशी सहल पुष्कळ जण विकतात. आम्ही विकत नाही. सीमेवरच्या रांगांत वेळ जातो आणि होडी मिळते ती भर दुपारची. सकाळी सेदुदू गेटपाशीही जीपगाड्यांची रांग लागते, तेव्हा तीन सकाळींपैकी एक उद्यानाच्या पश्चिमेकडच्या ङोमा गेटच्या बाजूला काढली तर जरा निवांत जाते.

जास्त वेळ आणि खिसा असेल तर पुढे सावुटी (याच उद्यानाचा आतला भाग) किंवा ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश. तिथे लहान विमानाने जायचं. सामान साधारण वीस किलोपर्यंत, हातातली पिशवी धरून, आणि मऊ बॅगेतच. चाकांची कडक सूटकेस विमानाच्या पोटात शिरत नाही.

कागदपत्रं

बोट्स्वाना, झिंबाब्वे आणि झांबियाचे प्रवेशनियम वेगवेगळे आहेत. झिंबाब्वेत उतरून चोबे करून पुन्हा झिंबाब्वेतूनच परतणार असाल तर त्या देशाचा व्हिसा दोन वेळा प्रवेशाचा हवा. जोहान्सबर्गमार्गे जाताना सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. दोन वेगळी तिकिटं काढली आणि सामान उचलून पुन्हा द्यायची वेळ आली, तर दक्षिण आफ्रिकेचाही व्हिसा लागतो. इंटरनेटवर चार हजार रुपये स्वस्त दिसणारं तिकीट इथेच महागात पडतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा, आई आणि वडील दोघांची नावं असलेला इंग्रजी जन्मदाखला सोबत घ्या. एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही लागतं.

आरोग्य

चोबेच्या भागात मलेरिया आहे, पावसाळ्यात जास्त. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या. मध्येच बंद करू नका. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "आफ्रिकेत जाऊन आलोय" हेच सांगा.

पिवळ्या तापाचं वेगळं. बोट्स्वानात तो नाही, पण विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर भारतात परतताना लशीचा दाखला विचारला जाऊ शकतो. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि जन्मभर चालतो. साठीपुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. त्यांच्यासाठी आम्ही दुसऱ्या मार्गाचं विमान बघतो.

बॅगेत काय, काय नको

जुलैत पहाटे उघड्या जीपमध्ये कानटोपी, हातमोजे आणि जाड जाकीट लागतं. दहा वाजता तेच काढून टोपी आणि सनस्क्रीन. कपडे मातकट रंगाचे. दुर्बीण माणशी एक न्या, नाहीतर नवराबायकोत भांडणं होतात. ड्रोन घरीच ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी जेवण मिळतं, जैन जेवणही आधी कळवलं तर करतात. चिवडा, चटण्या, मेतकूट खुशाल न्या. तूप, पेढे, बर्फी, चीज आणि मांसाचे पदार्थ नकोत. बोट्स्वानाचं गोमांस परदेशी जातं, म्हणून लाळ-खुरकुताबद्दल ते फार काटेकोर आहेत. सीमेवर आणि काही नाक्यांवर गाडीतून उतरवून औषधात भिजवलेल्या चटईवर बूट ठेवायला लावतात, कधीकधी बॅगेतलेसुद्धा. शेतकरी घरातल्या आमच्या प्रवाशांना यात काही नवल वाटत नाही.

आमच्या दरात विमान, हॉटेल, उद्यानप्रवेश, रोज एक जीप आणि एक होडीफेरी धरलेली असते. व्हिसा, लस, विमा आणि बक्षिशी तुमची. कोरड्या मोसमासाठी निदान आठ-नऊ महिने आधी बोला. पहिल्या भेटीला सगळ्यांचे पासपोर्ट आणा. परतीच्या तारखेपुढे सहा महिने मुदत आणि चार-पाच कोरी पानं आहेत का, ते आम्ही तिथेच तपासतो.