हवेतील गिरकी (जिम्नॅस्टिक्स)

कोलांटउडी चालू असतानाच शरीर डोक्यापासून पायापर्यंतच्या उभ्या अक्षाभोवती फिरवणे, म्हणजे गिरकी. खेळाडूंच्या बोलीत ‘ट्विस्ट’. पाय जमिनीवरून सुटले की हवेचा नगण्य रोध वगळता खेळाडूवर फक्त गुरुत्वाकर्षण उरते. ते गुरुत्वमध्यावरच लागू होत असल्याने शरीराला फिरवू शकत नाही आणि फिरते शरीर थांबवूही शकत नाही. म्हणून सुटताना मिळालेला कोनीय संवेग (शरीराच्या फिरण्याचे माप) उतरेपर्यंत तसाच राहतो: परिमाण तेच, दिशाही तीच. दिशेची ही अट अनेकदा नजरेआड होते, पण गिरकीचे मर्म तिच्यातच आहे.

वेळ फार थोडा असतो. गुरुत्वमध्य सव्वा मीटर वर गेला, तरी तेवढ्याच पातळीवर परत येईपर्यंत जेमतेम एक सेकंद मिळतो.

गिरकीची एक रीत जमिनीवरच सुरू होते. उडतानाच खांदे वळवायचे आणि पायांनी जमिनीला पीळ द्यायचा. रीत सोपी आहे, पण जमिनीकडून घेतलेला हा संवेग हवेत टाकून देता येत नाही. हात पसरले की गिरकी मंदावते, थांबत नाही. उतरताना उरलेले फिरणे घोट्या-गुडघ्यांवर येते.

दुसरी रीत पदार्थविज्ञानातल्या सर्वांत देखण्या उदाहरणांपैकी आहे. नुसत्या कोलांटउडीचा कोनीय संवेग आडवा असतो. कमरेतून डावीकडून उजवीकडे आरपार गेलेली सळई डोळ्यांपुढे आणावी; ती म्हणजे संवेगाची दिशा. खेळाडू दोन्ही हात बाजूंना पसरून उडतो. मग एक हात झपकन डोक्यावर आणि दुसरा मांडीकडे नेतो. हात एका दिशेने फिरले, म्हणून धड उलट दिशेने थोडे कलते. सळई मात्र जागची हलत नाही. आता शरीराचा उभा अक्ष तिच्याशी काटकोनात नसतो, त्यामुळे संवेगाचा लहानसा घटक त्या अक्षावर येतो आणि शरीर गिरकी घेऊ लागते. तो घटक लहान असला तरी पुरतो, कारण ताठ शरीराचे उभ्या अक्षाभोवतीचे निरूढी परिबल (फिरवण्याला होणारा विरोध) कोलांटीच्या अक्षाभोवतीच्या परिबलापेक्षा कितीतरी कमी असते. ते बाराव्या हिश्श्याइतके धरले, तर अवघ्या १० अंशांच्या कलाने एका कोलांटीत जवळपास दोन गिरक्या होतात. योग्य क्षणी हात उलट फिरवून कल काढला की गिरकी थांबते, कोलांटी चालूच राहते. लफबरो विद्यापीठातील फ्रेड येडन यांनी संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने या कलाचा सविस्तर अभ्यास केला.

गुडघे छातीशी घेतले की कोलांटी वेगावते, पण दोन निरूढी परिबलांतला फरक घटतो आणि तेवढ्याच कलातून गिरक्या कमी मिळतात. म्हणूनच अमेरिकेच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांनी २०१९ साली श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतींच्या प्रकारात) केलेली, दोन कोलांट्यांत तीन गिरक्यांची आखडलेली उडी इतकी अवघड मानली जाते. जपानचे जिम्नॅस्ट केन्झो शिराई यांची २०१३ सालची चार गिरक्यांची उडी ताठ शरीराची होती.

संवेग शून्य असतानाही शरीर वळू शकते. उलटी सोडलेली मांजर पायांवर उतरते, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये छायाचित्रांच्या मालिकेतून दाखवले. मांजर पुढचा व मागचा भाग आळीपाळीने आखडत-पसरत वळते. खेळाडूही कमरेच्या अशाच हालचालीने थोडे वळू शकतात.

कल केव्हा काढायचा हे खेळाडूला स्वतःच्या स्थितीच्या जाणिवेवरूनच कळते. ती हरवण्याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत बाइल्स यांच्या व्हॉल्टवर (धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीत) ठरलेल्या अडीच गिरक्यांऐवजी दीडच झाली, आणि त्यांनी त्या फेरीतून माघार घेतली.