कचकचणारी नाशपाती

श्रावणात नाशिकला भद्रकालीच्या बाजारात हातगाडीवर दोन नाशपात्या शेजारी-शेजारी दिसतात. एक हिरवट, टणक, दाताखाली रेतीसारखी कचकचणारी. दुसरी बब्बूगोशा, दोन दिवस घरात ठेवली की लोण्यासारखी मऊ. गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. मला पहिली आवडते, तेव्हा हा लेख थोडा पक्षपातीच समजा.

ही कचकच म्हणजे फळाच्या गरातल्या दगडी पेशी. लाकूड ज्याच्यामुळे कठीण होतं त्या लिग्निनचे थर त्यांच्या भिंतींवर चढतात आणि पेशी मरून खड्यासारख्या उरतात. पंजाबातल्या एका जुन्या वाणाचं नावच 'पत्थरनाख'. थंडी कमी लागते, म्हणून ती मैदानातही फळते.

मऊ जातीचे नखरे वेगळे. झाडावर पिकू दिली तर ती गाभ्याकडून नासते, वरून मात्र ठणठणीत दिसते. म्हणून ती कडक असतानाच उतरवतात, थंडीत ठेवतात आणि मग पिकवतात. घेताना पोट दाबू नका, देठाजवळ अंगठा लावून बघा.

आता खरी गोम. नाशपातीला बहुतेक वेळा दुसऱ्या वाणाचे परागकण लागतात, त्यामुळे बी पेरून आईसारखं झाड येत नाही. वाण टिकतो तो कलमानेच. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सापडलेल्या 'विल्यम्स'चं (अमेरिकेत तीच 'बार्टलेट') प्रत्येक झाड हा त्या पहिल्या झाडाचाच तुकडा. डॉगरीज या द्राक्षाच्या खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या झाडावर, हव्या त्या वाणाची काडी भरणाऱ्या आपल्या द्राक्षवाल्यांना हे काय सांगायचं! पण भोकरी, फकडी ही जुन्या वाणांची द्राक्षं आता त्यांच्यातल्याही किती जणांच्या बागेत आहेत?

म्हणजे जुना वाण जपायला बियांची बरणी कामाची नाही. जिवंत झाडांची बाग लागते, नाहीतर कोंबांची टोकं उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागतात. एवढा खटाटोप कशाला? 'ओल्ड होम' हा वाण बघा. फळासाठी त्याला कुणी विचारत नाही, पण नाशपातीच्या बागा जाळल्यासारख्या काळ्या करणाऱ्या जिवाणूजन्य करप्याला तो दाद देत नाही. म्हणून तो खुंट म्हणून वापरात आला.

अमेरिकेत डॅनव्हर्स इथं १६३० च्या दशकात लावलेलं मानलं जाणारं एक नाशपातीचं झाड अजून फळतं. १९६४ मध्ये कुणीतरी ते करवतीनं कापलं, तरी बुंध्यातून पुन्हा फुटलं. त्याची कलमं आता सरकारी संग्रहात आहेत. फळ मात्र, म्हणतात, दिसायला ओबडधोबड आणि खायला भरड.